काय काम करता?

२०२१ची जनगणना कोरोनामुळे राहून गेली आणि ती आता २०२७ला व्हायची ठरली. ही बातमी वाचल्यापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतो आहे. ‘काय काम करता?’ मास्तर माणसाला जनगणनेचे काम चुकत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन वेळा मी कोराडी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये दारे वाजवत हिंडलो. प्रश्न तोच होता, उत्तरे मात्र बदलत गेली. आपल्या जिल्ह्यातल्या रोजगाराचा इतिहास मला पुस्तकांपेक्षा त्या उत्तरांमधून जास्त कळला.

थोडे मागे जाऊ. १८६७मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. कापूस इथलाच, कोळसा जवळच्या वरोऱ्याला, म्हणून जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून इथे गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी ती सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. गंमत अशी की सुरुवातीला कामगार रोज यायचेच नाहीत. आले तर आले! शेतावरच्या माणसाला भोंग्यावर उठायची सवय कुठली? मग व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दंडाऐवजी बक्षिसे, पेन्शन फंड, अपघाताची भरपाई असल्या गोष्टी आणल्या. त्याच १८७७ साली मजुरीच्या दरावरून तिथे संप झाल्याचीही नोंद आहे. म्हणजे आपण ज्याला ‘पर्मनंट नोकरी’ म्हणतो ती काही मालकाच्या दयेतून आली नाही आणि नुसत्या भांडणातूनही आली नाही. कामगार टिकवून धरण्याची गिरणीला गरज होती, हे माझ्या मते खरे कारण.

पुढे रामटेककडे मनसर, कांद्रीला मँगनीज निघाले. वलनी, सिल्लेवाडा, पिपळा या बाजूला कोळशाच्या खाणी झाल्या. १९७३ला कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खाणीत जाणारा माणूस सरकारी नोकर झाला. अंबाझरीला १९६०च्या दशकात दारूगोळ्याचा कारखाना आला. शिवाय नागपूर १९५६पर्यंत राजधानी होती, त्यामुळे कारकुनी हा इथला मोठाच धंदा. राजधानी गेली, हिवाळी अधिवेशन तेवढे उरले. (त्या अधिवेशनावरही कित्येक चहावाले आणि झेरॉक्सवाले पोट भरतात, तो वेगळा विषय.)

आमच्या कोराडीत १९७४ला पहिला संच सुरू झाला. आधी १२० मेगावॅटचे चार, मग २००चा एक आणि १९८३पर्यंत २१०चे दोन. मिळून ११०० मेगावॅट. १९८१ला मी घरोघर गेलो तेव्हा कॉलनीत प्रश्न पुरता विचारूही देत नसत. ‘एमएसईबी!’ बस्स, एवढेच उत्तर. कुणी ऑपरेटर, कुणी फिटर, कुणी कोळशाच्या पट्ट्यावर, पण उत्तर एकच आणि ते सांगताना मान ताठ. मुलीचे लग्न जुळवायचे तर ‘जावई एमएसईबीत आहे’ एवढ्यावर बोलणी पुढे सरकत.

ज्यांची जमीन प्रकल्पात गेली त्यांचा प्रकार निराळा. एका भावाला नोकरी, दुसरा उरलेल्या दोन एकरांवर, तिसरा रोजीने. एकाच चुलीवरची तीन माणसे मी तीन वेगवेगळ्या गटांत लिहिली आहेत.

आणि बायका. कामठी तालुक्यात विड्या वळण्याचे काम घरोघरी चाले. मांडीवर सूप, सुपात तेंदूपान आणि तंबाखू, हात भराभर चाललेले. विचारले की म्हणायच्या, ‘काई नाई करत गुरुजी, घरीच राह्यतो.’ हजार विड्यांवर मजुरी मिळत होती, घराचा किराणा त्यावर चाले आणि तरी ‘काही नाही’! दुसऱ्यांदा, वेगळ्या शब्दांत विचारावे लागे. १९९१च्या प्रश्नातच ‘शेतावर किंवा घरच्या उद्योगात बिनपगारी केलेले काम धरून’ असे शब्द घातले होते. त्या शब्दांनी बाईला काम विचारायची निदान आठवण राहिली.

२००१ला आणखी एक गोष्ट झाली. पूर्वीच्या नऊ गटांच्या जागी मुख्य गोषवाऱ्यात चारच उरले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. कोळसा खणणारा, त्याची वीज करणारा, स्टेशनवरचा हमाल आणि अस्मादिक, सगळे ‘इतर’! नेमक्या त्याच काळात या ‘इतर’मध्ये काय उलथापालथ चालली होती बघा. एम्प्रेस मिल १९८६ला राज्य सरकारच्या ताब्यात गेली होती, ती २००२ला बंद पडली. त्या जागी आज मॉल आहे. २००५ला एमएसईबीचे तुकडे झाले: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. आणि कॉलनीबाहेरच्या वस्तीत २००१ला मला नवे उत्तर ऐकू येऊ लागले होते: ‘पॉवर हाऊसमध्येच आहे सर, पण ठेकेदाराकडे.’ त्यातला ‘पण’ मला तेव्हापासून ऐकू येतो आहे.

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७०ला झाला होता. जे काम बारमाही आहे ते कंत्राटावर देऊ नये असे सरकार ठरवू शकेल, ही त्यातली सोय. १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की कंत्राट बंद झाले की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो. २००१च्या ऑगस्टमध्ये, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात, तो निकाल फिरला. मी प्रगणक म्हणून शेवटचे दार वाजवले त्याच वर्षी. दिल्लीतल्या त्या निकालाचा आमच्या महादुल्यातल्या घरांशी किती जवळचा संबंध आहे हे मला फार उशिरा समजले.

आज कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. जुन्यांपैकी २१०चा एक उरला. म्हणजे पूर्वी सात संच मिळून ११०० आणि आता चारच संच २१९० मेगावॅट. वीज दुप्पट, पण मोठ्या संचाला मेगावॅटमागे माणसे कमी लागतात, आणि राख वाहणे, साफसफाई, देखभाल यांतले बरेच काम ठेक्यावर. चिमणी दारातून दिसते आणि आयटीआय झालेली पोरे बुटीबोरीला, हिंगण्याला, नाहीतर थेट पुण्याला जातात. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आले हे चांगलेच झाले, इंजिनियर झालेली काही मुले घरी राहून नोकरी करतात. पण तिथे फिटरचे काय काम?

माझे म्हणणे एवढेच की ‘नागपूर जिल्ह्यात उद्योग नाहीत’ हे रडगाणे खरे नाही. खाण आहे, वीज आहे, कारखाने आहेत. बदलले आहे ते पगारपत्रकावर सही करणारे नाव. आणि जनगणनेच्या गोषवाऱ्यात त्याला रकाना नाही. पर्मनंट फिटरही ‘इतर’ आणि त्याच मशीनवरचा ठेक्याचा फिटरही ‘इतर’. नव्या प्रगणकांना मोबाईलवर माहिती भरायची आहे म्हणे. भरा बापहो, पण सूप घेऊन बसलेल्या बाईला दोनदा विचारा.

आपल्या गोतावळ्यात एम्प्रेस किंवा मॉडेल मिलमध्ये काम केलेले कुणी असतील, त्यांच्याकडे जुनी हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या राहिल्या असतील, तर फेकू नका. मला कळवा, मी येऊन बघीन.