पोथी, पेटी आणि गोष्ट : बालवाचनाच्या मराठी परंपरेचा मागोवा

इंद्रायणीच्या खोऱ्यात, तळेगाव दाभाडे नगराच्या शेजारी वसलेल्या वराळे गावाच्या परिसराला शब्दाचा संस्कार नवा नाही. जवळच भंडाऱ्याचा डोंगर आहे, पलीकडे देहू आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, ही कथा या खोऱ्यातील घराघरांत सांगितली जाते. श्रद्धावंतास तो चमत्कार वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी तिचा आणखी एक अर्थ लावला आहे : वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून ते तरले. अक्षर न ओळखणाऱ्या माणसांनी एक ग्रंथ केवळ कानांनी आणि कंठाने जपला, हे येथील वाचनाच्या इतिहासाचे पहिले पान होय.

‘वाचणे’ हा शब्दच मुळी ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूपासून आलेला आहे. संस्कृतातील ‘वाचयति’ म्हणजे बोलावयास लावतो. पानावरील मुक्या अक्षरास बोलते करणे, हा वाचनाचा मूळ अर्थ. मनातल्या मनात, एकट्याने, ओठ न हलविता वाचण्याची रीत आपल्याकडे सार्वत्रिक झाली ती फार पुढे. त्यापूर्वी घरातील एकजण वाचीत असे आणि दहाजण ऐकत असत. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी रचले गेले आणि पुढील दोन शतके चातुर्मासात महाराष्ट्राच्या खेडोपाडी लावले गेले. ‘पोथी लावणे’ हा शब्दप्रयोग आजही जुन्या पिढीच्या बोलण्यात आहे. समईच्या उजेडात पोथी चालू असताना ओटीच्या कडेला पेंगणारी मुले बसलेली असत. त्यांना कोणी ‘बाळांनो, वाचा’ असा उपदेश करीत नसे. तथापि शब्दांची गोडी, कथेची उत्कंठा आणि उद्या पुढे काय होणार ही हुरहुर त्यांना तेथेच लाभत होती. बालवाचनाची पहिली शाळा ती हीच.

मुद्रणकला आली तेव्हा मुलांचा विचार आरंभापासूनच झाला, ही मराठीस भूषणावह गोष्ट आहे. देवनागरी लिपीला आपण ‘बाळबोध’ म्हणत आलो, म्हणजे बालकासही बोध होईल अशी. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ साली छापला गेलेला ‘बालबोध मुक्तावली’ हा ग्रंथ इसापाच्या नीतिकथांचा अनुवाद होता, आणि तो अगदी आरंभीच्या मुद्रित मराठी पुस्तकांत गणला जातो. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ सिद्ध केले. बेर्केन या फ्रेंच लेखकाच्या बालांसाठी लिहिलेल्या संवादकथा इंग्रजीच्या वाटेने मराठीत आल्या त्या अशा. मात्र ही पुस्तके मुख्यत्वे शाळेसाठी होती. शाळेचे पुस्तक परीक्षकाच्या हाती असते. ते वाचले की नाही हे विचारले जाते. आवडले की नाही हे कोणी विचारीत नाही. पोथीपाशी बसलेल्या मुलाला जे सहज मिळत होते, ते बाकावर बसलेल्या मुलाकडून हिरावले गेले, असे म्हणणे कठोर वाटले तरी असत्य नाही.

ही उणीव ओळखणारे पहिले मोठे नाव विनायक कोंडदेव ओक यांचे. शिक्षणखात्यात राहिलेल्या ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, ते नेटाने चालविले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रविषय असा त्याचा मजकूर असे. मासिक दरमहा घरी येते, घरात ते पोराच्या नावाचे असते, आणि थोरली भावंडे व वडीलधारीही ते उघडून पाहतात. क्रमिक पुस्तकाला हे भाग्य लाभत नाही. त्यापाठोपाठ वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केले. उपदेशाची मात्रा कमी करून मौजेची वाढविण्याचे श्रेय निःसंशय आपट्यांचे. मासिकाचे नावच त्यांनी ‘आनंद’ ठेवले, यात सारे आले.

त्याच सुमारास या कथेचा एक धागा मावळात येऊन पोहोचतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर यांनी १८९४ पासून ‘ग्रंथमाला’ हे मासिक चालवून चांगले ग्रंथ क्रमशः मराठी वाचकांच्या घरी पोहोचविले होते. राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने त्यांनी काढलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला पैसाफंड काच कारखानाही १९०८ साली याच गावी निघाला. मातृभाषेतून ज्ञान आणि हातांना उद्योग, असे ते दिवस होते. १९०८ साली ‘विश्ववृत्त’ मासिकातील एका लेखावरून विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना कारावास भोगावा लागला, आणि १९१० साली सरकारी रोषामुळे समर्थ विद्यालय बंद पडले. कारावासातून सुटल्यावर त्यांनी पुन्हा तळेगावातच नवीन समर्थ विद्यालयाची उभारणी केली. मराठी मुलांच्या हाती कोणता मजकूर पडतो याची परकीय सत्तेला किती धास्ती होती, हे या एका उदाहरणावरून दिसते. वाचनाची गोडी हा निरुपद्रवी छंद आहे असे मानणाऱ्यांनी तळेगावचा हा इतिहास अवश्य आठवावा.

मासिके निघाली तरी ती पोहोचत होती कोणाकडे? ज्या घरी टपाल येते आणि वर्गणीचे पैसे असतात, अशा घरी. खेड्यातील शेतकऱ्याच्या पोराचे काय? या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर महाराष्ट्राबाहेर, परंतु एका मराठी राजाने दिले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले. परंतु शिकविलेली अक्षरे टिकवावयाची तर गावात पुस्तक हवे, हे त्यांनी जाणले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण करून स्वतंत्र ग्रंथालय खाते निर्माण केले. गावच्या ग्रंथालयासाठी एक हिस्सा लोकांनी, एक हिस्सा पंचायतीने आणि एक हिस्सा संस्थानाने द्यावा, अशी योजना होती. जेथे तेवढेही शक्य नव्हते, तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठविली जात आणि वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. पेटी एका गावी वाचून झाली की पुढे जाई. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन होते आणि तेथे पुस्तकांबरोबर खेळही मांडलेले असत. मूल खेळायला यावे आणि पुस्तकापाशी रेंगाळावे, ही त्यामागील दृष्टी. आजही पुष्कळ ठिकाणी मुलांची पुस्तके ‘फाटतील’ या भयाने कुलपात ठेवली जातात. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा असतो, हे बडोद्याला शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

पेटी गावात आली, तरी ती उघडून दाखविणारे माणूस लागतेच. ते माणूस महाराष्ट्राला साने गुरुजींच्या रूपाने भेटले. अमळनेरच्या छात्रालयात असताना ते विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या हस्ताक्षरात दैनिक लिहून काढीत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाची रचना पाहावी. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री सांगतो आणि मंडळी ऐकतात. मराठी कुटुंबांत बहुधा सर्वाधिक वाचले गेलेले हे पुस्तक मुळात ऐकण्याच्या घाटाचे आहे, ही लहानशी गोष्ट नव्हे. पोथी लावणाऱ्या ओटीवरची जुनी रीत गुरुजींनी नव्या आशयासाठी पुन्हा जागविली. ११ जून १९५० रोजी ते गेले, आणि लवकरच प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने साने गुरुजी कथामाला उभी राहिली. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी मुलांना ठरलेल्या दिवशी गोष्ट सांगावी, एवढाच तिचा साधा परिपाठ. गोष्ट ऐकलेले मूल ते पुस्तक शोधीत येते, हा अनुभव गावोगावच्या शिक्षकांनी घेतला.

येथे एका कटू सत्याकडे डोळेझाक करता येत नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात नऊही नव्हते. म्हणजे ज्या आईने मुलाला वाचून दाखवावयाचे, तिलाच अक्षर पारखे होते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती पुढे राज्यभर गेली. गावेच्या गावे रात्री कंदिलाभोवती बसून मुळाक्षरे गिरवू लागली. गाव साक्षर झाल्याचे समारंभ झाले. परंतु त्यांतील कित्येकजण काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आले, कारण शिकलेले अक्षर वापरण्यास घरात काही नव्हते. मोहिमेतून अक्षर मिळाले, त्याला सोबत मिळाली नाही. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले, हे खरे; मात्र त्यांत मुलांचा कोपरा बहुधा नावापुरताच राहिला.

मावळापुरते बोलावयाचे तर या सोबतीचे काम एका माणसाने आपल्या लेखणीने केले. गोपाळ नीलकंठ दांडेकर, अर्थात गोनीदा, यांनी तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्याची वाट धरली, आणि पुढे तळेगाव दाभाडे हेच त्यांचे गाव झाले. ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या कादंबऱ्यांतून पवनेचे पाणी आणि राजमाचीचे रान पुस्तकात आले. आपली नदी, आपला डोंगर आणि आपल्या आजोबांची बोली छापील पानावर भेटली की खेड्यातील मुलाला पुस्तक परके वाटत नाही. गोनीदांच्या कुटुंबाने आणखी एक मोलाचे कार्य केले. त्यांच्या कन्या वीणा देव, जामात विजय देव आणि पुढे नात मृणाल कुलकर्णी यांनी या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. रंगमंचावर सजावट नाही, पाठांतर नाही. हाती संहिता घेऊन एक कुटुंब वाचते आणि सभागृह ऐकते. जुन्या ओटीचेच हे नवे रूप.

मुलांसाठी मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून, तर ‘बालभारती’चे ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघू लागले. अलीकडच्या काळात ‘क्वेस्ट’ संस्थेचे कलावंत आश्रमशाळांतील मुलांपुढे गोष्टी साभिनय सादर करतात. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि २०१७ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. भिलारला पुस्तके लोकांच्या राहत्या घरांत मांडली आहेत, हे त्यातील विशेष. एक दिवसाच्या उत्सवापेक्षा भिलारची घरे अधिक बोलकी वाटतात.

या प्रयत्नांची निकड आकड्यांतून कळते. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली ५०.५ टक्के होती; करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ‘असर’ पाहणीत ती ४२.८ टक्क्यांवर आली. वराळे-तळेगाव परिसर आता औद्योगिक वसाहतीचा झाला आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर भारतातून आलेली कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या मुलांची घरची बोली एक, शाळेची दुसरी. आईवडिलांच्या कामाच्या पाळ्या बदलत्या. तेथे ओटी नाही, समई नाही, पुस्तकांचे कपाटही नाही. मोबाईल मात्र जवळजवळ प्रत्येक खोलीत आहे. ‘बालभारती’ने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत. कामावरून परतलेल्या आईने मांडीवर बसलेल्या लेकराला त्यातील एक गोष्ट वाचून दाखवावी किंवा, तिला वाचता येत नसेल तर, तिसरीतल्या लेकीने ती आईला वाचून दाखवावी, यासाठी पंधरा मिनिटे आणि एक आवाज एवढेच लागते.