मंडई ते मॉल : मुंबईच्या बाजाराची दीडशे वर्षे

शहरात ग्राहक म्हणून कोणाला मान आहे, हे तेथील दुकानांच्या दारावरून कळते. मुंबईच्या दुकानदारीचा इतिहास मंडई, डिपार्टमेंट स्टोअर, सहकारी भांडार आणि मॉल अशा चार टप्प्यांत उलगडतो. त्यातील सहकारी भांडार आणि मॉल या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन टप्प्यांना जोडणारी भूमी एकच आहे, ती म्हणजे गिरणगाव.

मंडई आणि साहेबांची दुकाने

मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा, तर प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूत सर्व थरांतील गिऱ्हाईक येत असे. फोर्टातील चित्र मात्र वेगळे होते. काळा घोडा येथील आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स आणि हॉर्नबी रोडवरील व्हाइटवे लेडलॉ ही दुकाने मुख्यत्वे गोऱ्या ग्राहकांसाठी होती. व्हाइटवे लेडलॉमध्ये उधारी चालत नसे. सामान्य मुंबईकराचा संसार मात्र वाण्याच्या उधारीच्या वहीवरच चालत होता.

कामगारांचे दुकान

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत रेशनिंग आले. टंचाई, काळाबाजार आणि भेसळ यांनी कामगार वस्त्या गांजल्या. यावर उपाय म्हणून १९४८ मध्ये नायगाव येथे गिरणी कामगारांच्या पुढाकाराने 'अपना बाजार' सुरू झाला. दुकानाचा सभासद हाच मालक, ही कल्पना येथे प्रत्यक्षात आली. पुढे १९६८ मध्ये सहकारी भांडार निघाले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले. घाऊक भावाने आणलेला महिन्याचा माल सभासद कुटुंबांचे गट आपसांत वाटून घेऊ लागले.

गिरणीच्या जागी मॉल

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातील अनेकांना पुन्हा काम मिळालेच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण आणि मालक असे तीन वाटे ठरविले. २००१ च्या दुरुस्तीने मात्र ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य ठरविली.

दरम्यान खरेदीचे स्वरूप पालटत होते. १९९१ मध्ये अंधेरीत शॉपर्स स्टॉप आले. १९९९ मध्ये हाजीअलीनजीक क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. तेथे लोटलेली गर्दी आवरण्यासाठी सुरुवातीस मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्यांनाच मोफत प्रवेश देण्यात आला, इतरांना शुल्क आकारण्यात आले. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या लोअर परळ येथील आवारातही दुकाने थाटली गेली आणि तेथे बिग बझार सुरू झाला. २००२ मध्ये पवईत डी-मार्टचे पहिले दुकान निघाले, तर २००४ मध्ये मालाडला इनऑर्बिट मॉल आला. उपनगरांनाही मॉलची सवय जडली.

मॉलही कालवश

मॉल चिरकाल टिकेल, हा समजही खरा ठरला नाही. क्रॉसरोड्सचे पुढे सोबो सेंट्रल झाले आणि कालांतराने तेथील गाळे रिकामे पडत गेले. बिग बझार हे नाव २०२२ मध्ये बाजारातून नाहीसे झाले. दुसरीकडे, मोबाइलवरून मागविलेले सामान आता काही मिनिटांत दारी येते. वाण्याचा पोऱ्याही पूर्वी चाळीच्या जिन्यावरून असाच सामान पोहोचवीत असे. फरक इतकाच की, तो घरच्यांना नावानिशी ओळखत असे.

लोअर परळच्या झगमगाटात आज कोणालाही फिरता येते. परंतु दुकानाच्या दारात कामगार पाहुणा म्हणून नव्हे, तर मालक म्हणून उभा होता, हा नायगावचा अनुभव शहराच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखा आहे.