सौदा दलालाच्या नावाचा, तोटा कुणाचा?

बचत गटातल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा म्हणतो, "आई, तुझ्या नावानं शेअरचं खातं काढू. तू फक्त सही कर आणि मोबाइलवर नंबर येईल तो सांग." ताई विचारतात, उद्या त्यात तोटा झाला तर दलाल त्याच्या खिशातून भरणार की माझ्याकडे मागणार?

प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचं उत्तर बरंचसं आपल्या मुंबईतच घडत गेलं. म्हणून आज जरा मागं जाऊ या.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा मुंबईत उतरला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, नव्या बँका निघाल्या, आणि माणसं शेअरमागं वेडी झाली. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. यातले कितीतरी सौदे वायद्याचे होते. भाव आज ठरवायचा, शेअर आणि पैसे पुढच्या तारखेला द्यायचे. खिशात दमडी नसली तरी सौदा होई. १ जुलै १८६५ ही अशाच ढीगभर सौद्यांची तारीख होती. पण त्याआधीच, एप्रिलमध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापूस पडला आणि पाठोपाठ शेअर पडले. तारीख उजाडली तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एकदा २८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. त्या बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद, तेही बुडाले. मुंबईचा राजाबाई टॉवर त्यांनीच दिलेल्या पैशातून उभा राहिला. राजाबाई म्हणजे त्यांची आई.

आता दलालाची गोष्ट समजून घ्या. दलाल बाजारात स्वतःच्या तोंडानं सौदा करतो. समोरचा माणूस त्यालाच ओळखतो, मागं कोण आहे ते त्याला माहीत नसतं. गिऱ्हाइकानं पाठ फिरवली तरी समोरच्याचे पैसे दलालाला द्यावेच लागतात. समजा, बाजाराला निघालेल्या जावेला तुम्ही म्हणालात, माझ्यासाठी दोन शेळ्या ठरवून ये. तिनं ठरवल्या, आणि तुम्ही म्हणालात, मला नकोत. शेळ्यावाला धरणार जावेला. भरपाई तिनं द्यायची, पण सोसायची कुणी?

१८७२ च्या करार कायद्यानं याचं सरळ उत्तर दिलं. सांगितलेलं काम कायदेशीर असेल, तर ते करताना माणसाला जी झळ बसेल ती काम सांगणाऱ्यानं भरून द्यायची. हे कलम २२२. त्याखाली उदाहरणही दिलंय. कलकत्त्याचा एक व्यापारी दलालाला तेलाची दहा पिंपं घ्यायला सांगतो आणि मग घ्यायला नकार देतो. तेलवाला दलालावर दावा लावतो, दलाल हरतो. नुकसानभरपाई, कोर्टाचा खर्च, सगळं शेवटी त्या व्यापाऱ्याच्या माथी. मला हे न्यायाचं वाटतं. दलाल काही सगळे साधू नव्हते, पण हुकूम देणाऱ्यानं नफा घरी न्यायचा आणि तोटा दुसऱ्याच्या दारात टाकायचा, हे कसं चालेल?

पण मुंबई इलाख्यात एक पळवाट होती. १८६५ सालीच इथं एक वेगळा कायदा झाला होता. सौदा मुळात जुगार असेल, तर त्याला मदत करणारे करारही रद्द. म्हणजे मुंबईत दलालाला अशा जुगाराच्या पैशासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नसे. मग काय, तोटा आला की गिऱ्हाईक कोर्टात सांगे, तो तर जुगार होता! जिंकल्यावर मात्र असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. कोर्टंही सहज भुलत नसत. माल द्यायचा-घ्यायचा इरादा दोन्ही बाजूंचा नव्हताच, नुसता भावातला फरक मोजायचा होता, हे सिद्ध करून दाखवावं लागे. आज मोबाइलवर फ्युचर-ऑप्शनचे सौदे चालतात, त्यांत ही पळवाटही उरलेली नाही. मान्यताप्राप्त शेअर बाजारातले असे सौदे कायदेशीर आहेत, असं १९९९ च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहून ठेवलंय. आणि सेबीनं २०२४ साली हिशेब काढला, तेव्हा तीन वर्षांत त्या सौद्यांतल्या शंभरातल्या ९३ जणांना तोटाच झाला होता.

आता दुसरी बाजू. तुम्ही सांगितलंच नसेल, किंवा सांगितल्यापेक्षा वेगळं केलं असेल, तर तो तोटा दलालाचा. कलम २११ तेच म्हणतं. म्हणून सौद्यानंतर २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट यायला हवी. ती मुलाच्या ई-मेलवर जाते की तुमच्या, हे बघा. चुकीचा सौदा दिसला आणि आपण गप्प बसलो, तर त्या गप्प बसण्याचाही मंजुरी असा अर्थ लावता येतो.

आणि मंजुरी तोंडीही असते. मुंबईतल्याच एका नवरा-बायकोचा खटला याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोघांची खाती वेगवेगळी, दलाल एकच. २००१ च्या सुरुवातीला बायकोच्या खात्यावर देणं झालं होतं. दलालाचं म्हणणं, एकमेकांचा तोटा दोघं मिळून भरू असं त्यांनी तोंडी कबूल केलं होतं, आणि नवऱ्याच्या सांगण्यावरूनच मी त्याच्या खात्यातली जमा तिच्या खात्यात वळवली. मग बाजार कोसळला. नवरा म्हणाला, तिच्या खात्याशी माझा संबंध नाही. आपल्या गटात एकमेकींची हमी घेताना सगळ्यांच्या सह्या असतात, इथं तसा कागद नव्हता. लवादानं २००४ साली दोघांनाही जबाबदार धरलं. २०२१ साली उच्च न्यायालयानं नवऱ्याला सोडलं, बायकोवरची जबाबदारी मात्र तशीच राहिली. १० फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं तोंडी करार मान्य केला आणि नवऱ्यालाही पुन्हा तिच्या बरोबरीनं उभं केलं.

रक्कम होती १ कोटी १८ लाखांच्या वर. त्यावर १ मे २००१ पासून दरसाल ९ टक्के व्याज, म्हणजे नुसतं व्याजच वर्षाला साडेदहा लाखांहून जास्त.