रेनॉल्ड्सचा वृकमानव

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स (१८१४-१८७९) ह्यास तळटीपेपलीकडे जागा क्वचितच मिळते. विद्वानांनीं त्याचें नांव निघतांच नाक मुरडावें, आणि लंडनच्या कामकरी लोकांनीं मात्र दर आठवड्यास एक पेनी टाकून त्याचा अंक विकत घ्यावा, असा त्याच्या हयातींतला प्रकार होता. ‘वॅग्नर, द वेअर-वुल्फ’ ही त्याची वृकमानवाची कादंबरी ‘रेनॉल्ड्स मिसेलनी’ ह्या त्याच्याच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकापासून, म्हणजे नोव्हेंबर १८४६ पासून जुलै १८४७ पर्यंत, क्रमशः प्रसिद्ध झाली.

कथेचा आरंभ १५१६ सालीं जर्मनींतील ‘ब्लॅक फॉरेस्ट’ ह्या अरण्यांत होतो. फर्नांड वॅग्नर हा नव्वद वर्षांचा धनगर. त्याची म्हातारपणची काठी म्हणजे नात ॲग्नेस, तीही त्यास सोडून गेलेली. बाहेर वादळ, आंत एकटा म्हातारा. अशा वेळीं एक अनोळखी पाहुणा येतो व तारुण्य, संपत्ति आणि बुद्धि देऊं करतो. हा पाहुणा म्हणजे सैतानास विकला गेलेला फाउस्ट. त्याच्यावर रेनॉल्ड्सनें आधींच एक कादंबरी लिहिली होती, व तिच्याच धाग्यास ही दुसरी जोडली आहे. मोबदला इतकाच कीं, दीड वर्ष त्याचा सोबती होऊन हिंडावयाचें, आणि दर महिन्याच्या अखेरच्या दिवशीं सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लांडगा व्हावयाचें. पौर्णिमेचा जो नियम आज सर्वांस ठाऊक आहे, तो पुढें विसाव्या शतकांतील बोलपटांनीं रूढ केला. येथें चंद्राचा संबंध नाहीं, तारखेचा आहे.

ही तारीख म्हणजे साप्ताहिकाच्या लेखकाची मोठीच युक्ति होय. महिना सरत आला कीं वॅग्नर कोठें असेल, त्याची प्रिया निसिदा जवळ असेल काय, ही काळजी वाचकास पुढचा अंक घ्यावयास लावी. परंतु आम्हांस ह्या कादंबरींत जें मोलाचें वाटतें, तें ह्या युक्तीपलीकडचें आहे. लांडगा झालेला वॅग्नर वाटेंत येईल त्याचा घात करीत धांवतो, आणि पहांटे माणूस होऊन पश्चात्तापानें जळतो. सैतान वरचेवर येऊन म्हणतो, आत्मा दे, सोडवितों. वॅग्नर नकार देतो. ज्याच्या अंगीं पशु संचरतो त्याचीच सदसद्विवेकबुद्धि जागी, आणि इन्क्विझिशनचे धर्माधिकारी मात्र माणसें असून निर्दय! ही मांडणी रेनॉल्ड्सच्या राजकारणाशीं जुळती आहे. ६ मार्च १८४८ रोजीं ट्रफाल्गर चौकांत सरकारनें बेकायदेशीर ठरविलेल्या सभेचें अध्यक्षपद पत्करून चार्टिस्ट चळवळींत उतरलेला गृहस्थ तो हाच.

ह्याकडे टीकाकारांचें लक्ष गेलें नाहीं. त्यांस दिसली ती बीभत्सता, कामुकता व चिथावणी. १८५० त डिकन्सनें ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ च्या पहिल्याच अंकांत ज्या हलक्या लेखकांवर कोरडे ओढले, त्यांत मुख्य रोख रेनॉल्ड्सवर होता असें मानतात. योगायोगांची खैरात आणि पानेंच्या पानें भरताड ह्या कादंबरींत आहे, हें आम्हीही नाकारीत नाहीं. पण भरताड तर डिकन्सच्या मासिक हप्त्यांतही थोडें नाहीं!

हिंदुस्थानांतील नवशिक्षितांनीं हा निवाडा मानला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथील वाचनालयांतून रेनॉल्ड्सला विलक्षण मागणी होती. ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’ ही ‘वॅग्नर’च्या पाठोपाठ त्याच ‘मिसेलनी’ त आलेली कादंबरी. तिच्या आधारें हरि नारायण आपटे ह्यांनीं १८८५ त ‘पुणेंवैभव’ पत्रांत ‘मधली स्थिति’ लिहावयास घेतली, तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस होतें. सांगाडा लंडनचा, पण त्यांत वावरणारीं माणसें पुण्याचीं. आपल्या सामाजिक कादंबरीचा पाया घालणाऱ्या लेखकाचा हात ज्याच्या पुस्तकावर प्रथम फिरला, त्याचें नांव आमच्या वाङ्मयविवेचकांनीं संकोचानें कां घ्यावें, हें आम्हांस कळत नाहीं.

इंग्लंडांत ‘वॅग्नर’ ची गणना आतां वृकमानवावरील पहिल्या दीर्घ कादंबऱ्यांत होते. १९७५ त न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनानें ती पुनः छापली, ती हेन्री ॲनेले ह्यानें त्या पेनीच्या अंकांसाठीं काढलेल्या चित्रांसह.