काचेवरची टिचकी

माझे मामू कुवेतच्या तेलक्षेत्रात सतरा वर्षं नोकरीला होते. कोकणातल्या आमच्यासारख्या मुसलमान घरांतून तेव्हा कुणी जहाजावर जायचं, कुणी आखाती देशांत. सुट्टीवर येताना मामू अत्तर, कापड आणि ट्रान्झिस्टर आणायचे. मला मात्र ओढ असायची त्यांच्या गोष्टींची. त्यांचं काम सांगायला सोपं होतं. या विहिरीवरून त्या विहिरीवर जायचं, दाबाच्या मीटरचा काटा बघायचा, टाकीवर चढून पट्टी सोडून तेलाची पातळी मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा.

“काटा वाचायच्या आधी काचेवर टिचकी मारायची,” ते सांगायचे. “काटा कधी कधी अडकून बसतो. आकडा बरोबर दिसतो, पण तो कालचा असतो.”

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. तेलाच्या विहिरींशी माझा संबंध एवढाच. पण मामूंच्या या टिचकीमुळे मी त्या विषयावरचं सापडेल ते वाचत गेलो.

मुंबईच्या पश्चिमेला, सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात ‘सागर सम्राट’ या तराफ्याला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोचलं. पण तिथं मामूंसारखा माणूस वही घेऊन विहिरीविहिरीवर कसा जाणार? विहिरी मैलोन्‌मैल पसरलेल्या. अनेक लहान फलाटांवर कुणी राहत नाही. पावसाळ्यात होडी लागत नाही, हेलिकॉप्टर उडत नाही. मग दाब, तापमान, प्रवाह यांचे आकडे यंत्रानंच मोजायचे, रेडिओलहरींवरून मुख्य फलाटावर पाठवायचे आणि धोका दिसला तर तिथूनच व्हॉल्व्ह बंद करायचा, हा मार्ग उरतो. जगभरच्या तेलक्षेत्रांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच वाट धरली.

यात अडचणी पुष्कळ. खारी हवा लोखंड खाते, तारांचे सांधे गंजतात, संदेश तुटतात. मोजणारं यंत्र हळूहळू चुकायला लागतं आणि पडद्यावर मात्र रुबाबात आकडा उमटत राहतो. पण मला सर्वांत अवघड वाटली ती निराळीच गोष्ट. ती तीन दुर्घटनांत दिसते.

पहिली ६ जुलै १९८८ ची. स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ नावाचा फलाट होता. आग लागताच समुद्राचं पाणी खेचणारे पंप तिथं आपोआप सुरू होत. पण त्या काळात पाणबुडे खाली उतरत होते. पंपाच्या ओढीत माणूस सापडू नये म्हणून पंप ‘ऑटो’वरून काढून हातानं सुरू करण्यावर ठेवले होते. पाणबुडे पंपाच्या तोंडाजवळ नसतील तर पंप ‘ऑटो’वरच राहू द्या, असं आधीच्या एका तपासणीत सुचवलं होतं. ते अमलात आलं नाही. रात्री स्फोट झाला. पंप सुरू करायला दोन माणसं धुरात गेली, ती परत आली नाहीत. शेजारचे फलाट, आग दिसत असूनही, वरून हुकूम नाही म्हणून तेल आणि वायू ढकलत राहिले. १६७ माणसं गेली.

दुसरी आपल्या दाराशी घडली. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस कोण विसरेल? त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. हेलिकॉप्टर मिळेना. त्याला मुंबई हाय नॉर्थ फलाटावर उतरवायचं ठरलं. संगणकाच्या मदतीनं जहाज जागेवर धरून ठेवणाऱ्या पंख्यांत बिघाड होता, म्हणून जहाज हातानं चालवत जवळ नेलं. लाटेनं ते ढकललं गेलं आणि समुद्रतळावरून वर येणाऱ्या वायूच्या नळावर आदळलं. आग भडकली. नळांच्या टोकांना आपत्कालीन व्हॉल्व्ह होते, पण काही नळ बारा किलोमीटरपर्यंत लांब. व्हॉल्व्ह मिटले तरी नळांत जे भरलेलं होतं, ते जळतच राहिलं. दोनेक तासांत फलाट कोसळला. ३८४ पैकी ३६२ जण वाचले, २२ गेले. जहाजावरच्या दाबकोठडीत सहा पाणबुडे अडकले होते. कोठडीतला दाब हळूहळू उतरवल्याशिवाय त्यांना बाहेर येता येत नाही. ३६ तासांनी ते सुखरूप सुटले.

तिसरी २० एप्रिल २०१० ची, मेक्सिकोच्या आखातातल्या ‘डीपवॉटर होरायझन’ची. तिथं ११ माणसं मेली. नंतरच्या चौकशीत तिथल्या एका तंत्रज्ञानं साक्ष दिली, की वायूची चाहूल लागताच सगळीकडे वाजणारा भोंगा आपोआप वाजू नये असा करून ठेवला होता. कारण? खोट्या इशाऱ्यांनी पहाटे तीनला लोकांची झोप मोडू नये.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि मी अस्वस्थ झालो. तिन्ही ठिकाणी कुणी दुष्ट नव्हता. पाणबुड्यांचा जीव वाचावा म्हणून पंप हातावर घेतले. जखमी स्वयंपाक्याला उपचार मिळावेत म्हणून जहाज जवळ नेलं. थकलेल्या माणसांना झोप लागावी म्हणून भोंगा गप्प केला. प्रत्येक वेळी कुणाची तरी काळजी होती. फक्त ही काळजी यंत्रणेच्या हिशेबात नव्हती.

यंत्र ‘ऑटो’वरून काढणं हा गुन्हा नाही; कधी ते करावंच लागतं. पण ते कुणी काढलं, का काढलं आणि किती वेळासाठी, हे पुढच्या पाळीच्या माणसाला समोर लिहिलेलं दिसलं पाहिजे. पायपर अल्फावर दुरुस्तीसाठी एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह काढलेला होता. तो कागद रात्रपाळीला ठाऊक नव्हता आणि तोच पंप सुरू केला गेला. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी आहेत. त्यांतला गाभा मला एवढाच समजला: अपघात होण्याआधी, आपल्या फलाटावर काय काय बिघडू शकतं आणि आपण त्यावर काय करणार, हे चालवणाऱ्यानं लिहून सिद्ध करावं.

आता विहिरीवरचा आकडा शेकडो मैलांवरच्या वातानुकूलित खोलीत दिसतो. माणूस समुद्रापासून दूर राहतो, हे चांगलंच आहे. जिथं माणूस नाही तिथं तो मरतही नाही. पण त्या खोलीतल्या माणसाला समुद्राचा वास येत नाही, नळाची थरथर पायाला कळत नाही. त्याला आकडा दिसतो, आणि तो आजचा की कालचा हे विचारायची सवय त्यानं स्वतःच लावून घ्यावी लागते.

शेवटच्या वर्षांत मामूंच्या रक्तदाबासाठी भाच्यानं बॅटरीवरचं यंत्र आणलं. मामूंनी चष्मा लावला, आकडा पाहिला आणि बोटानं पडद्यावर टिचकी मारली. आम्ही सगळे हसलो. मामू हसले नाहीत. त्यांनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, “आणखी एकदा लाव.”