सोन्याची खाण आणि न मरणारा प्रोटॉन

कोलार म्हटलं की आधी सोनं आठवतं. हल्ली सिनेमाही आठवतो. पण याच कोलारच्या खाणीत, जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (म्हणजे आपली टीआयएफआर) माणसं जवळजवळ चाळीस वर्षं काळोखात वाट बघत बसली होती, हे फारसं कुणाला माहीत नसतं. सोन्यासाठी नाही बरं का! आधी न्यूट्रिनोसाठी, मग प्रोटॉनच्या मरणासाठी.

घरातल्या पोरांचा नेहमीचा प्रश्न असतो की पदार्थविज्ञानात आता शोधायला उरलंय काय, सगळं तर पुस्तकात आहे. त्यांना उत्तर म्हणून ही गोष्ट लिहितोय. जरा लांबेल, पण चहा घेऊन बसा.

सुरुवात साध्या गोष्टीपासून करू. आत्ता तळहात उघडा धरा. दर सेकंदाला एक-दोन म्यूऑन नावाचे कण त्यातून आरपार जाताहेत. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, त्यातून हे कण तयार होतात. घराचं छप्पर त्यांना अडवू शकत नाही, बांधीतलं पाणी नाही, पन्नास-शंभर मीटर खडकसुद्धा सगळ्यांना नाही. होमी भाभांचं मूळ संशोधनच वैश्विक किरणांवरचं. १९४५ साली टीआयएफआर सुरू झाली आणि १९५०च्या सुमारास भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला सांगितलं की कोलारच्या खाणीत उतर आणि खोलीबरोबर म्यूऑन किती कमी होतात ते मोज.

कोलारच का? कारण एवढी खोल खाण जगात फार थोड्या ठिकाणी होती. आमच्या भंडारा जिल्ह्यात खाण म्हटलं की मँगनीज. तुमसर तालुक्यातली चिखला भूमिगत, डोंगरी बुजुर्ग उघडी. शेजारच्या बालाघाटची भरवेली तर आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण समजतात, आणि ती काहीशे मीटरची. कोलारची चॅम्पियन रीफ तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती! तळाशी खडकाचं तापमान साठ अंशांच्या पुढे. दाबाने खडक अचानक फुटायचे आणि माणसं मरायची. धुळीने फुप्फुसं जायची. विज्ञानाच्या या गोष्टीत प्रयोगशाळेची किंमत कुठल्याही बजेटात दिसत नाही, कारण ती आधीच दुसऱ्या कुणीतरी, बहुतेक तामिळ-तेलुगू खाणकामगारांनी, भरून ठेवलेली होती. हे विसरून पुढे जाणं बरं नाही, म्हणून आधीच सांगितलं.

तर मोजमाप सुरू झालं. जसजसं खाली जावं तसतसे म्यूऑन कमी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तळाजवळ, सुमारे २७०० मीटरवर, उपकरण ठेवलं तर सुमारे दोन महिन्यांत एकही नोंद नाही. शून्य! दुसरा कुणी निराश झाला असता. हे लोक खूश झाले. कारण जिथे म्यूऑन पोचत नाही एवढी शांतता आहे, तिथे काही वाजलंच तर ते न्यूट्रिनोचंच असणार.

न्यूट्रिनो हा एक विलक्षण लाजाळू कण. १९३० साली पाउलीने तो कागदावर मांडला, १९५६ साली राइन्स आणि कोवन यांनी अणुभट्टीशेजारी तो पकडला. पण निसर्गात, आपल्या वातावरणात तयार होणारा न्यूट्रिनो तोवर कुणी पाहिला नव्हता. टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून २३०० मीटर खोलीवर उपकरणं लावली. एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम, रमण मूर्ती, जपानचे मियाके, डरहॅमचे वुल्फेंडेल अशी ही मंडळी.

युक्ती साधी पण सुंदर होती. वरून येणारे उरलेसुरले म्यूऑन साधारण सरळ खाली येतात, कारण तिरपं यायचं तर खडकातून फार लांब यावं लागतं. म्हणून उपकरणाच्या भिंती उभ्या ठेवल्या. आडवा आलेला म्यूऑन आकाशातून आलेला असूच शकत नाही. त्याला आड किती खडक! तो बाजूच्या खडकातच न्यूट्रिनोच्या धडकेतून जन्मला असला पाहिजे.

१९६५ साली हे आडवे म्यूऑन दिसले. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत राइन्सचा गट हेच करत होता. त्यांना पहिली नोंद आधी मिळाली, कोलारचा निबंध ऑगस्टमध्ये आधी छापून आला, त्यांचा त्याच महिन्याच्या अखेरीस. पहिलं कोण यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा, मला त्यात रस नाही. मला भावतं ते वेगळंच. काही वर्षांत मिळून अशा नोंदी वीसेक झाल्या. वर्षाला चार-पाच! आपल्याकडे लिफ्ट दोन मिनिटं उशिरा आली तर माणूस बटण दाबदाबून हैराण होतो.

पुढे १९७५ साली याच गटाने काही विचित्र नोंदी जाहीर केल्या. खडकाबाहेर, हवेच्या पोकळीत एखादा जड कण फुटून दोन-तीन वाटा निघाल्यासारख्या दिसत होत्या. ठाऊक असलेल्या कुठल्याही कणात ते बसेना. जगाने त्यांना 'कोलार इव्हेंट्स' म्हटलं. मोठ्या त्वरकांवर शोध झाला, काही सापडलं नाही. आजही त्यांचा निकाल लागलेला नाही. अशी पानं पाठ्यपुस्तकात येत नाहीत, पण विज्ञानाच्या वहीत ती असतात.

आता मुख्य गोष्ट. प्रोटॉन मरतो का?

तुम्ही, मी, एकोडीची विहीर, सगळ्यांचं वजन मुख्यतः प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं. प्रोटॉन अमर आहे असंच सगळे धरून चालले होते. आज ज्याला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात तो सिद्धांतही त्याला मरू देत नाही. पण १९७४ साली जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी निसर्गातली तीन बलं एकाच सूत्रात ओवणारा सिद्धांत मांडला. (पती आणि सलाम यांचे प्रयत्नही त्याच सुमाराचे.) फार देखणा सिद्धांत. त्याची एक किंमत होती, ती म्हणजे प्रोटॉन मर्त्य ठरत होता. आयुष्य? साधारण एकावर तीस शून्यं एवढी वर्षं. विश्वाचं वय एकावर दहा शून्यांच्या आसपास!

एवढी वर्षं थांबणार कोण? पण इथे संख्याशास्त्र मदतीला येतं. एक प्रोटॉन अनंत काळ बघायचा नाही, अगणित प्रोटॉन थोडे दिवस बघायचे. आमच्याकडच्या बोडीचं उदाहरण घ्या. पन्नास मीटर लांब, पन्नास रुंद, दोन मीटर खोल, म्हणजे पाच हजार टन पाणी. एका टनात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून सुमारे सहावर एकोणतीस शून्यं एवढे कण. आयुष्य एकावर एकतीस शून्यं धरलं तरी गणित सांगतं की त्या बोडीत रोज जवळजवळ एक कण मरायला हवा. वर बगळे उभे आहेत, म्हशी डुंबताहेत, आणि आत रोज एक प्रोटॉन शांतपणे फुटतोय. फक्त ते दिसायला अंधार हवा, स्वच्छ पाणी हवं आणि वरून येणारे म्यूऑन थांबवायला डोंगर हवा.

कोलारमध्ये पाण्याऐवजी लोखंड वापरलं. १९८० च्या अखेरीस २३०० मीटरवर १४० टनांचं उपकरण सुरू झालं. लोखंडी पत्रे आणि मधे मधे गॅसभरल्या नळ्या, असे चौतीस थर. प्रोटॉनच्या मरणासाठी खास बांधून सुरू झालेला हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक. आणि लवकरच त्यांनी सांगितलं की काही नोंदी प्रोटॉनच्या मरणासारख्या दिसताहेत. विचार करा, केवढी खळबळ! खरं ठरलं असतं तर विसाव्या शतकातला सर्वांत मोठा शोध कोलारच्या नावावर लागला असता.

पण अमेरिकेत ओहायोच्या मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याची टाकी तयार झाली. १९८३ साली तिथला निकाल आला की असं काही दिसत नाही. जपानमध्ये कामिओका खाणीत ३००० टनांची टाकी बसली, तिथेही नाही. कोलारच्या गटाने दुसरं, २६० टनांचं उपकरण २००० मीटरवर लावून पाहिलं. संशय राहिला, शोध ठरला नाही. तो देखणा सिद्धांत, निदान त्याच्या साध्या रूपात, गेला. आज जपानच्या सुपर-कामिओकांदे या ५० हजार टनी टाकीने प्रोटॉनच्या एका मुख्य मरणवाटेसाठी आयुष्याची खालची मर्यादा दोनावर चौतीस शून्यांच्या पुढे नेली आहे. एकही मेलेला सापडलेला नाही.

मग काय, सगळं फुकट? इथेच गंमत आहे.

प्रोटॉनच्या मरणाचा शोध घेताना सगळ्यात मोठा उपद्रव कशाचा? वातावरणातल्या न्यूट्रिनोंचा! तेच, जे १९६५ साली कोलारला एवढ्या कौतुकाने पकडले. आता ते धानातल्या तणासारखे नकोसे झाले होते. तण उपटायचं तर आधी ते ओळखायला हवं, म्हणून त्यांची नीट मोजणी झाली. मोजणीत हिशेब लागेना. १९९८ साली सुपर-कामिओकांदेने दाखवलं की पृथ्वीच्या पोटातून, खालून वर येणारे म्यूऑन जातीचे न्यूट्रिनो जवळजवळ निम्मेच पोचतात. उरलेले वाटेत जात बदलतात. आणि जात बदलायची तर न्यूट्रिनोला वस्तुमान असावंच लागतं. स्टँडर्ड मॉडेलने मूळ मांडणीत ते शून्य धरलं होतं. २०१५चं नोबेल काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना यासाठीच मिळालं.

म्हणजे धानासाठी शेत केलं, आणि तणातून नवीन पीक निघालं!

न्यूट्रिनोच्या वजनावरून आपल्याकडचं एक नाव सांगायलाच हवं. रामनाथ कौशिक, जन्म नागपूरचा, टीआयएफआरचे शास्त्रज्ञ. १९७२ साली त्यांनी मॅक्लेलंड यांच्याबरोबर दाखवलं की न्यूट्रिनो जरा जरी जड असते तरी संख्येच्या जोरावर त्यांनी विश्वाचं प्रसरण रोखलं असतं, म्हणून त्यांचं वजन ८ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमीच हवं. इलेक्ट्रॉनचं वजन पाच लाखांवर, यावरून अंदाज घ्या. खाणीत न उतरता, आकाशाकडे बघून घातलेली ही मर्यादा! २०२५ साली जर्मनीच्या कॅट्रिन प्रयोगाने प्रयोगशाळेतली मर्यादा ०.४५ वर आणली. ते वजन नेमकं किती आणि कुठून येतं, हे अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

एकंदर आजची स्थिती अशी. २०१२ साली सर्नला हिग्ज बोसॉन सापडला (तिथल्या सीएमएस उपकरणाचा एक भाग टीआयएफआरच्या लोकांनी बनवलेला आहे) आणि स्टँडर्ड मॉडेलचं शेवटचं घर भरलं. त्यापलीकडचं काही अजून दिसलेलं नाही. २०२१ साली अमेरिकेत म्यूऑनच्या चुंबकत्वाचा आकडा सिद्धांताशी जुळेना म्हणून जल्लोष झाला. २०२५ साली प्रयोगाचा शेवटचा आकडा आला तो पहिल्यासारखाच पक्का, पण दरम्यान महासंगणकांनी सिद्धांताचा आकडाच सरकवला आणि फट जवळजवळ बुजली. तरी विश्वातलं बहुतेक द्रव्य कशाचं आहे हे ठाऊक नाही, आणि गुरुत्वाकर्षण या सिद्धांतात बसत नाही. तेव्हा शोधायला उरलंय काय, असं विचारणाऱ्या पोरांनो, उरलंय बरंच.

कोलारचं काय झालं? सोनं काढणं परवडेना. खालचे मजले सोडून दिले, पंप बंद, पाणी भरत गेलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग आटोपले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणच बंद झाली. दिवस बघा, राष्ट्रीय विज्ञान दिन! जपानची कामिओका खाणसुद्धा जुनी जस्ताची खाण, पण तिथे टाकीनंतर मोठी टाकी आली. आपल्याकडे तमिळनाडूत थेनीजवळ डोंगराखाली ५० हजार टन लोखंडाची न्यूट्रिनो वेधशाळा उभारायला २०१५ साली केंद्राने मंजुरी दिली. स्थानिक लोकांना जंगलाची, पाण्याची भीती वाटली, राज्य सरकारनेही विरोध केला, आणि ती उभी राहिली नाही. लोकांना अडाणी म्हणून मी मोकळा होणार नाही. ज्या देशात प्रकल्प आला की गाव उठतं, तिथे माणूस डोंगर पोखरणाऱ्यावर सहज विश्वास कसा ठेवील? पण त्याची किंमत आपणच मोजतोय, हेही खरं. न्यूट्रिनो-संशोधनात पहिल्या रांगेत असलेला देश चाळीस वर्षांत प्रेक्षकांत जाऊन बसला.

मला विचाराल तर या सगळ्यात मोठेपणा त्या शून्याचा आहे. दोन महिने काहीच न वाजणं, वर्षानुवर्षं प्रोटॉन न मरणं. परीक्षेत शून्याला किंमत नाही, पगारवाढीत नाही, बातमीत तर नाहीच. पण ओहायोच्या टाकीतल्या 'नाही'ने एक देखणा सिद्धांत पाडला, आणि तोच 'नाही' नीट मोजताना न्यूट्रिनोचं वजन हाती आलं. नीट मोजलेला 'नाही' हा ढोबळ 'हो'पेक्षा जास्त टिकतो. श्रीकांतनना खाणीत उतरवणाऱ्या भाभांना हे कळत होतं. आपल्या शाळांना ते कधी कळेल, बघू.

असो. प्रोटॉन अजून शाबूत आहेत, तेव्हा काळजी नसावी.