चार हंगामांचे विजेते

मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या विजेत्यांमध्ये १९४३ ला रॉयल एअर फोर्स, १९४४ ला ब्रिटिश बेस रीइन्फोर्समेंट कॅम्प, १९४५ ला मिलिटरी पोलीस आणि १९४६ ला पुन्हा तोच कॅम्प अशी नावं ओळीने दिसतात. त्याआधी १९३७ आणि १९३८ मध्ये बंगलोर मुस्लिम्स, १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंग आणि १९४२ मध्ये बाटा या देशी संघांनी हा चषक जिंकला होता. मग लागोपाठ चार वर्षं तो हातचा का गेला? देशी फुटबॉल खालावलं, हे उत्तर मला पटत नाही. हे विजय युद्धाने इथे आणून सोडलेल्या माणसांचे होते आणि युद्धाबरोबरच ते संपले.

इंग्लंडच्या लीगचा १९३९-४० चा हंगाम युद्ध सुरू होताच तीन सामन्यांनंतर गुंडाळला गेला. पगारी खेळाडू फौजेत गेले, त्यातले काही हिंदुस्थानात आले. आर्सेनलचा फुटबॉलपटू डेनिस कॉम्प्टन महूला होता. मार्च १९४५ मध्ये होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात नाबाद २४९ धावा करणारा तो हाच. अशा तोडीची माणसं फौजेत असल्यावर लष्करी संघ भारी पडणारच. पण रीइन्फोर्समेंट कॅम्प हा पुढच्या तुकड्यांना कुमक पुरवणारा तळ. हुकूम आला की शिपाई बिस्तरा बांधून निघणार. त्या संघाला स्वतःचा मोहल्ला नव्हता, की मागून तयार होणारी पोरं नव्हती.

कोणी म्हणेल, १८९१ च्या पहिल्या स्पर्धेपासून १९३७ पर्यंत गोऱ्या पलटणीच जिंकत आल्या. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यात डरहॅम पलटणीकडूनच हरला. हे खरं आहे. पण पलटणीतली माणसं वर्षानुवर्षं एकत्र राहत, त्यातून संघ घडे. १९५० ते १९५४ सलग पाच वेळा जिंकणारे हैदराबाद सिटी पोलीसही गणवेशातलेच होते, हाही आक्षेप येईल. मात्र सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तो संघ त्याच शहरात मुरला. फरक गणवेशाचा नाही, मुळं धरण्याचा आहे. युद्धासाठी उभे केलेले तळ मात्र युद्धाबरोबरच संपले: कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि तिचं उल्हासनगर झालं. उलट नागपूरजवळच्या आपल्या कामठीची छावणी १८२१ ची. तिथे पलटणी आल्या-गेल्या, पण रब्बानीसारख्या स्थानिक क्लबांनी फुटबॉल जपलं. नागपूरच्या फुटबॉलचा इतिहास लिहायचा तर आधी अशा क्लबांची रजिस्टरं आणि जुने फोटो गोळा करायला हवेत.